डाव्या हाताचा आखूड धुं

वालावल, ता. कुडाळ
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सर्वेशला आत्याचे आशीर्वाद.

तुझे दोन्ही स्पीकर काल पोचले. टेम्पोवाल्याने आणि आमच्या वाडीतल्या बाबली सुताराने मिळून आत आणले. खोकी उघडल्यावर बाबली म्हणाला, "बाई, हे स्पीकर की कपाटां?" माझ्या छातीएवढे उंच आहेत. तुझ्या स्टुडिओतून काढलेले असले तरी एक ओरखडा नाही. तू आत्याची आठवण ठेवलीस, बरं वाटलं.

आता तक्रार. तू पेनड्राइव्हवर घालून दिलेली टेप लावली. पखवाजावरच्या उजव्या हाताचे बोल स्वच्छ ऐकू येतात. डावा हात पडला की मात्र सगळी खोली घुमायला लागते. एक 'धुं' संपायच्या आत दुसरा येतो आणि दोन्ही एकमेकांत कालवले जातात. खिडकीची तावदानं थरथरतात. हे वादन नव्हे, ही पेज आहे.

ही टेप १९८९ची. मुंबईचे एक अभ्यासक मोठं यंत्र घेऊन आमच्या शाळेच्या हॉलमध्ये एक दुपार आले होते. त्या टेपेमुळे दादाचं, म्हणजे तुझ्या बाबांचं नाव मुंबई-गोव्यापर्यंत गेलं. मार्चमध्ये त्याच्या पंचाहत्तरीला वेंगुर्ल्यात सत्कार आहे आणि समिती हीच टेप प्रकाशित करणार आहे. ती साफही तूच केलीस. मला ती एकदा नीट ऐकायची आहे. ही घूम कशी घालवायची ते सविस्तर लिही. फोन करू नकोस. फोनवर माणूस "हो हो" म्हणून सुटतो, लिहिलेलं राहतं.

तुझी,
सुगंधाआत्या


भांडुप
२१ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

किती वर्षांनी कागदावर पत्र लिहितोय. अक्षर सांभाळून घे.

चूक माझी आहे. ते स्पीकर मोठ्या हॉलसाठी बनवलेले. छोट्या खोलीत त्यांचा खालचा आवाज मावत नाही. सोपा उपाय म्हणजे हेडफोन. सोबत पाठवतोय, स्टुडिओतले चांगले आहेत. खोलीचा प्रश्नच मिटेल.

एक विचारू? रागावू नकोस. अडुसष्टाव्या वर्षी कानाला आवाज कालवल्यासारखे वाटू शकतात. एकदा तपासून घेतलंस तर बरं. आणि बाबांचं हे वादन तू जन्मभर ऐकत आलीस. त्यात आता नवीन काय ऐकायचं राहिलंय?

तुझा,
सर्वेश


वालावल
२८ नोव्हेंबर २०२४

चि. सर्वेश,

कुडाळला जाऊन कान तपासून घेतले. अहवालाची झेरॉक्स जोडली आहे. तपासणारी अपेक्षा म्हणून मुलगी आहे. तिने विचारलं, "आजी, काय त्रास होतो?" मी म्हटलं, "माका नाय, माझ्या भाच्याक." अहवाल वाच आणि कानांचा विषय संपव.

हेडफोन परत पाठवते आहे. हेडफोन एका माणसाच्या डोक्यावर बसतो. मला ही टेप दोघांनी एकत्र, समोरासमोर बसून ऐकायची आहे. दुसरं माणूस कोण ते आत्ता विचारू नकोस.

तोवर मी गप्प बसले नाही. चारी भिंतींना गोधड्या टांगल्या. त्याने उजव्या हाताची धार तेवढी बोथट झाली, घूम जशीच्या तशी. म्हणजे गोधडी भलत्याच चोराला पकडते.

खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद, उंचीही दहाच. चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब. निवृत्तीनंतर मी स्वतः बांधून घेतली. चौकोन एका सुतात यावा म्हणून रोज गवंड्याच्या मागे उभी राहत असे. स्पीकर दोन कोपऱ्यांत आहेत, माझी खुर्ची समोरच्या भिंतीला टेकून. सदतीस वर्षं मुलांना शिकवलं. समजावून सांगितलंस तर समजतं मला.

सुगंधाआत्या


भांडुप
६ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,

अहवाल वाचला. माझ्यापेक्षा तुझे कान बरे आहेत. माफ कर.

आता नीट सांगतो. तू गवंड्याच्या मागे उभं राहून जो चौकोन साधलास, तोच नडतोय. पखवाजाच्या डाव्या अंगाच्या आवाजाची एक लाट साधारण वीस फूट लांब असते. दहा फुटांच्या खोलीत ती बरोबर अर्धी बसते, भिंतीवरून परतते आणि स्वतःच्याच अंगावर चढते. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी, त्यामुळे तिन्ही दिशांनी तोच एक सूर फुगतो. पखवाज थांबला तरी खोली वाजत राहते. गोधडीने बारीक आवाज मरतात, वीस फुटांच्या लाटेला गोधडी म्हणजे काहीच नाही.

हे करून बघ.

स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढ. कोपऱ्यात तिन्ही लाटा एकदम जाग्या होतात. मागच्या भिंतीपासून दोन फूट, बाजूच्या भिंतीपासून पावणेतीन. दोन्ही अंतरं सारखी ठेवू नकोस. स्पीकरच्या मागे वाटीएवढं भोक आहे, त्यात जुने मोजे गच्च कोंब. खालचा फुगीरपणा थोडा उतरेल.

नवीन पेनड्राइव्हवर एकच जाडा सूर घातलाय, तोच तुझ्या खोलीचा सूर. तो लाव आणि खोलीभर फीर. कुठे मोठा, कुठे बारीक, ते जमिनीवर खडूने लिही. खुर्ची भिंतीपासून सोड.

एवढी खटपट तू कोणासाठी करतेस ते विचारत नाही. पण कुतूहल आहे.

सर्वेश


वालावल
२२ डिसेंबर २०२४

चि. सर्वेश,

सांगितलंस ते सगळं केलं. सूर लावून खोलीभर फिरले, मग खुर्चीवर बसल्यावर कान येतो त्या उंचीला गुडघ्यांवर रांगले. शेजारची रुक्मिणी दारातून बघत होती. "बाई, काय हरवला?" म्हणाली. "धुं हरवलो," म्हटलं. ती बराच वेळ उभी होती, मग निघून गेली.

मोठ्या आवाजाला फुली, बारीक आवाजाला गोल. भिंतीलगत सगळ्या फुल्या आल्या. म्हणजे महिनाभर मी सर्वांत वाईट जागी बसून टेपेला नावं ठेवत होते. खोलीच्या बरोबर मधोमध गेले तर सूर जवळपास नाहीसाच. तिथेही बसायचं नाही, कारण तिथे आवाज सुधारत नाही, नुसता लपतो. मागच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर मध्यम जागा सापडली. तिथे खुर्ची ठेवली आणि पायांभोवती खडूने रेघ मारली.

मोजे कोंबल्यावर तावदानं गप्प झाली. घूम निम्मी गेली. पण निम्म्याने माझं काम होत नाही. मला एकेका धुंचं शेपूट बघायचं आहे. तो कुठे उठतो त्यापेक्षा कुठे संपतो हे महत्त्वाचं. पुढचं सांग.

सुगंधाआत्या


भांडुप
२ जानेवारी २०२५

ती. आत्यास,

तुझा खडूचा नकाशा मी स्टुडिओत भिंतीवर चिकटवलाय. शिकाऊ मुलांना दाखवतो.

आता राहिलेली घूम जिरवायची तर लाटेला काहीतरी हलवायला द्यायला हवं. सोबत पेटीचं चित्र आहे. चार फूट उंच, तीन फूट रुंद, साडेसहा इंच खोल. मागची बाजू भिंतीला घट्ट, पुढे बारा मिलिमीटरचा प्लाय, कुठेही फट नको. आत सावरीचा कापूस सैल, प्लायला न टेकेल असा. लाट प्लायला ढकलते, प्लाय हलतो, आणि त्या हलण्यात लाटेचा जोर संपतो. अशा चार पेट्या, दोन खुर्चीमागच्या भिंतीला, दोन बाजूच्या. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत काथ्याच्या गाद्या, हातभर जाड. पातळ चालणार नाहीत.

बाबांशी बोललो. तू टेप ऐकतेस म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, "कित्याक? तिका काय करूचा आसा त्या टेपेचा?" मी म्हटलं, तुमच्या कौतुकानेच ऐकत असेल. त्यांनी विषय बदलला. तुमचं काही भांडण झालंय का?

सर्वेश


वालावल
१६ जानेवारी २०२५

चि. सर्वेश,

बाबलीने चारही पेट्या केल्या. पहिली झाल्यावर विचारतो, "बाई, ह्येका दार खंय?" म्हटलं, दार नाही. "मगे आत काय ठेवतल्यात?" म्हटलं, हवा. त्याला वाटलं, निवृत्त मास्तरणीला एकटेपणाने काहीतरी झालंय. पण शेवटची पेटी भिंतीला बसवून त्याने हातोडी खाली ठेवली, दोन वाक्यं बोलला आणि थांबला. मग म्हणाला, "बाई, खोली गप्प बसली." काथ्याच्या गाद्याही झाल्या.

मी टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली.

मग टेप लावली, खडूच्या रेघेत बसले. आणि धुं अजूनही लांबच.

आता तुला सांगायलाच हवं. त्या टेपेवर दादा नाही. मी आहे.

त्या आठवड्यात होडीच्या दोराने दादाचा डावा तळवा सोलला होता. मुंबईचे अभ्यासक एकच दिवस होते. तुझे आजोबा म्हणाले, "मशीन परत येवचा नाय. सुगंधा वाजवीत. नाव हरीचा सांगूया." घरात पखवाज आम्ही दोघंही शिकलो होतो, पण बाईचं नाव घातलं तर मुंबईत कोणी विश्वास ठेवणार नाही, असं त्यांचं म्हणणं; अभ्यासकांनीही ते मान्य केलं. शाळा सुटल्यावर मी साडीचा पदर खोचला आणि अकरा मिनिटं वाजवलं. आता आजोबा नाहीत, ते अभ्यासकही नाहीत. जाणणारी दोनच माणसं उरली आहेत.

आणि तो डावा हात. माझा पंजा लहान. पूर्ण तळवा पडत नसे. म्हणून बोटांनी नाद उघडायचा आणि लगेच मनगटाने दाबायचा, असं मी माझं बसवलं. माझा धुं उठतो आणि जागच्या जागी बसतो. दादाचा तळवा रुंद, त्याचा धुं उठतो आणि चालत राहतो. घुमणाऱ्या खोलीत दोन्ही सारखेच वाटतात. म्हणून मला खोली गप्प करायची होती.

खोली आता खोटं बोलत नाही. तरी टेपेतला धुं उठतो माझ्यासारखा आणि मरतो दादासारखा. चौथ्या मिनिटाला मी हात दाबल्यावर एक पूर्ण मात्रा रिकामी सोडली होती. तिथे आता गुणगुण ऐकू येते. टेप साफ तू केलीस. ह्यात कोणी हात घातला?

सुगंधाआत्या


भांडुप
२३ जानेवारी २०२५

आत्या,

पत्र तीनदा वाचलं. माझ्या वडिलांविषयी एवढी गोष्ट लिहायला पस्तीस वर्षं का लागली? आणि सत्काराला दोन महिने उरले असताना आत्ताच का?

तुझे स्पीकर, तुझ्या पेट्या, सगळं मीच सांगत होतो. ह्याच्यासाठी, हे माहीत नव्हतं.

सध्या एवढंच.

सर्वेश


वालावल
३० जानेवारी २०२५

चि. सर्वेश,

तू विचारलंस, मी उत्तर देते. मी विचारलं त्याचं उत्तर तू दिलेलं नाहीस, हे मला दिसलं.

पस्तीस वर्षं का लागली? तुझे आजोबा होते तोवर त्यांच्या शब्दापुढे बोलायची पद्धत नव्हती. नंतर दादाकडे मुलं शिकायला येऊ लागली, त्या नावावर घर उभं राहिलं, तू शिकत होतास. तेव्हा बोलले असते तर तुझ्या ताटातलं काढल्यासारखं झालं असतं. मी गप्प बसले ते माझ्या मर्जीने. म्हणून ते वादन दादाचं होत नाही.

आत्ताच का? कारण आत्ता छापताहेत. तोंडी खोटं बोलणाऱ्यांबरोबर जातं. छापलेलं खोटं मी गेल्यावरही बोलत राहील आणि त्याला उत्तर द्यायला मी नसेन.

मूळ टेप जशी आहे तशी पाठव. नाही पाठवलीस तर मी वेंगुर्ल्याच्या मंडपात पखवाज घेऊन येईन, डाव्या अंगाला कणीक लावीन आणि टेपेतला तोच तुकडा सगळ्यांसमोर वाजवीन. सत्काराचं आमंत्रण मला आलेलं आहे. बोटं अजून चालतात. गेले पंधरा दिवस सकाळी दोन तास बसते आहे.

दादा तुझे वडील आहेत हे मी विसरलेली नाही. तुझा राग मला चालेल. तुझं गप्प बसणं चालणार नाही.

सुगंधाआत्या


भांडुप
११ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

उशीर झाला. ह्या पत्राचे दोन कागद फाडले, हा तिसरा.

तो हात मीच घातला. टेप साफ करताना डाव्या हाताचे सगळे धुं आखूड येत होते. मला वाटलं, जुन्या यंत्राने शेपूट कापलं. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "टेप म्हातारी झाली. धुं लवकर मरता. थोडो नाद वाढव." मी त्यांच्या अलीकडच्या वादनावरून नमुना घेतला आणि प्रत्येक धुं तेवढा लांब केला. शाबासकीही घेतली.

तुझं पत्र आल्यावर मूळ टेप पुन्हा लावली. चुकून आखूड झालेला धुं एकही नाही. चारशेच्या वर आहेत आणि प्रत्येक एकाच जागी दाबलेला. यंत्र बिघडलं तर असं मोजून बिघडत नाही. चौथ्या मिनिटाची रिकामी मात्राही सापडली. तिथे टेपेची नुसती सळसळ आहे, आणि लांब कुठेतरी शाळेच्या आवारातला कावळा. ती मात्रा मी भरून टाकली होती, आत्या. वीस वर्षं ह्या धंद्यात आहे आणि सगळ्यात चांगली जागा मी पुसून टाकली.

मग बाबांना फोन केला. म्हटलं, मी सगळं ऐकलं.  फोन त्यांनी ठेवला, मी नाही.

मूळ टेपेची प्रत सोबत आहे. एक बोलही बदललेला नाही.

सर्वेश


वालावल
२६ फेब्रुवारी २०२५

चि. सर्वेश,

प्रत मिळाली. मी ती एकटीने ऐकली नाही. दादाला निरोप पाठवला: "टेप ऐकायला ये." गेल्या मंगळवारी दुपारी तो वेंगुर्ल्याहून एस.टी.ने आला. पेट्यांकडे बघून काही विचारलं नाही. मी त्याला खडूच्या रेघेतल्या खुर्चीत बसवलं आणि त्याच्या समोर, जमिनीवर बसले.

चौथ्या मिनिटाला, त्या रिकाम्या मात्रेनंतर, तो म्हणाला, "बंद कर."

"नाय. पुरा आयक."

त्याने अकरा मिनिटं पूर्ण ऐकलं. मांडीवरचा त्याचा हात सुरुवातीला ताल धरत होता, नंतर थांबला.

"ह्यो हात तुझो," तो म्हणाला.

"होय."

"माका ठावक होता."

"तुका ठावक होता ता माका ठावक होता."

 त्या खोलीत आता गप्प बसणंही स्वच्छ ऐकू येतं. मग त्याने विचारलं, "आता काय होया तुका?"

"नाव."

"दोघांचा घालूया. सहवादन म्हणूया."

"त्या दिसा तू पखवाजाक हात लावलंस?"

तो उठला. चहा तसाच राहिला. फाटकापर्यंत गेला तेव्हा मी हाक मारली नाही. मला वाईट वाटलं, सर्वेश, खोटं सांगत नाही. भाऊ म्हणून तो माझ्याशी कधी वाईट वागला नाही. पण मी तडजोड केली असती तर उरलेलं अर्धं खोटं माझं झालं असतं.

शुक्रवारी तो परत आला. हातात पिशवी, पिशवीत त्याच्या स्वतःच्या सव्वीस कॅसेट. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझो खंय आसा तो शोधूया."

दोन दिवस आम्ही ऐकत होतो. मी एका शब्दाने मत दिलं नाही. गप्प खोलीत त्याचं त्यालाच कळत होतं. "ह्यो नको. हंय हात घाई करता." "ह्यो बरो, पण झांज वायच पुढे." शनिवारी संध्याकाळी १९९६ची वेंगुर्ल्याची एक भजनाची कॅसेट लागली. तिच्यात त्याचा लांब धुं गायकाच्या आवाजाखाली चालत जातो आणि समेवर असा येऊन थांबतो की माझ्याही पाठीवर काटा आला. दादाने डोळे मिटले.

"ह्यो माझो," तो म्हणाला.

"होय. आणि ह्यो माका जमाचो नाय."

ती कॅसेट तुझ्याकडे पाठवते आहे. साफ कर, पण एकाही धुंला हात लावू नकोस. समितीला त्याने स्वतः पत्र लिहिलं आहे. मी मजकूर वाचला नाही, त्याने दाखवला नाही. पाकीट मात्र माझ्यासमोर चिकटवलं.

सुगंधाआत्या


भांडुप
६ मार्च २०२५

ती. आत्यास,

समितीचे सचिव गुरुदासकाका यांचा फोन आला होता. आधी फार चिडले होते. पत्रिका छापून झाल्यात, लोक काय म्हणतील, वगैरे. बाबांनी त्यांना सांगितलं म्हणे, "लोक काय म्हणतले ता मी आयकान. तुमी छापा." शेवटी तयार झाले. दोन ध्वनिमुद्रणं निघतील, १९८९ची टेप आणि बाबांची १९९६ची कॅसेट.

तुझ्या टेपेखालच्या ओळीचा मसुदा त्यांनी पाठवलाय: "वादन: सुगंधा, ज्येष्ठ पखवाजवादक हरिश्चंद्र आंदुर्लेकर यांच्या भगिनी व शिष्या, ज्यांनी त्या दिवशी बंधूंच्या अनुपस्थितीत साथ सांभाळली." काकांचं म्हणणं, ह्याने सगळ्यांचाच मान राहतो. मी अजून होकार दिलेला नाही. तू सांगशील तसं.

बाबा परवा फोनवर माझ्याशी बोलले. पाच मिनिटं. बहुतेक पेट्यांबद्दल. त्यांनाही वेंगुर्ल्याच्या घरात तशी खोली करायची आहे.

सर्वेश


वालावल
१० मार्च २०२५

चि. सर्वेशला आशीर्वाद.

गुरुदासांचा मसुदा मी लाल शाईने तपासून परत पाठवते आहे. 'शिष्या' खोटं आहे, मी वडिलांकडे शिकले. 'साथ सांभाळली' खोटं आहे, ज्याची साथ करावी असं दुसरं कोणी तिथे गात-वाजवत नव्हतं. 'अनुपस्थितीत' खोटं आहे, दादा हाताला पट्टी बांधून खिडकीपाशी उभा होता आणि शेवटी सर्वांत आधी "वा" त्यानेच म्हटलं. 'भगिनी' तेवढं खरं आहे. पण ते वादन कोणाच्या भगिनीने केलेलं नाही.

त्या ओळीत एवढंच छापावं:

वादन: सुगंधा आंदुर्लेकर. शाळेचा हॉल, वालावल, १९८९.

कोणाची कोण, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांनी ऐकावं.

सत्काराला मी येते आहे. माझी खुर्ची पाहुण्यांत मांडली आहे असं कळलं. ती उचलून मंचावर ठेवायला सांग. दोन ध्वनिमुद्रणं निघणार आहेत, तर वादकही दोन बसतील.

सुगंधा आंदुर्लेकर
(तुझी आत्या)